भरलेले मॅगझिन

माझी पोस्टिंग पूर्वोत्तरातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत झाली आणि पहिल्याच आठवड्यात मला कार्बाइन मिळाली. नऊ मिलिमीटरची, जुन्या घडणीची. शस्त्रागाराला फौजेत कोत म्हणतात. तिथल्या हवालदाराने ती लाकडी फळीवर ठेवली तेव्हा आधी तेलाचा वास आला, मग तळव्याला लोखंडाचा गारवा लागला. वजन तीन किलोच्या आत. दस्ता दुमडला की लांबी हातभर. नळीवर भोकाभोकांचे आवरण, आणि गोळ्यांचे मॅगझिन खाली नव्हे तर डाव्या कुशीतून आडवे निघालेले. ती देखणी होती. हे मी आजही मान्य करते आणि त्याबद्दल तिला क्षमा करत नाही.

सांगलीला परतल्यापासून मी तिची नक्कल जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात पाहिली आहे, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पाहिली आहे, आणि एकदा तर फेटा बांधलेल्या नवरदेवाच्या हातात, फोटोग्राफरने दिलेली. मी फौजेत होते हे कळले की लोक विचारतात, "ती धडाधड चालणारी छोटी बंदूक होती का हो तुमच्याकडे?" विचारताना त्यांचे डोळे चमकतात. मी हो म्हणते आणि विषय संपवते. आज तो विषय मीच काढते आहे, कारण त्या शस्त्रामुळे एका माणसाचे नाव त्याच्याच गावात मातीत घातले जात होते.

कार्बाइन कशासाठी असते ते साध्या शब्दांत सांगते. ट्रकच्या केबिनमध्ये रायफल मावत नाही. स्टिअरिंग, गिअर आणि दरवाजा यांच्यामध्ये ती आडवी येते; उतरायच्या क्षणी तिची नळी चौकटीला अडकते, आणि तो क्षण पुन्हा मिळत नाही. कार्बाइन छातीवर लटकते, माणसाबरोबर वळते, माणसाबरोबर उडी मारते. म्हणून ती ड्रायव्हरला, सिग्नलवाल्याला आणि आमच्यासारख्या रसद पोचवणाऱ्यांना देतात. तिचे दोषही तितकेच खरे आहेत. तिला आदळणे सोसत नाही. मॅगझिन चढवलेली कार्बाइन दस्त्यावर पडली तर कुणीही ट्रिगर न दाबता गोळी सुटू शकते. आणि तिची गोळी आखूड पल्ल्याची. शंभर मीटरच्या पलीकडे तिच्यावर भरवसा ठेवणारा माणूस भाबडा असतो किंवा घाबरलेला.

माझ्या गाडीचा ड्रायव्हर नाईक शहाजी विरकर हे सगळे मला पहिल्याच फेरीत एका वाक्यात सांगून मोकळा झाला.

"म्याडम, ह्ये करडू हाय. काखंत मावतंय, पर लांब उडी न्हाई मारत."

"आणि रायफल?"

"त्यो वळू. दावणीला शोभतोय, क्याबिनात कुठं बांधू?"

शहाजी माण तालुक्यातला. घरी मेंढरे आणि पावसाच्या भरवशावरची बाजरी. उंच, सावळा, बोलताना रस्त्यावरून नजर न काढणारा. मी सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याची मुलगी. दिव्यावर पाखरू जळू नये म्हणून आमच्याकडे सूर्य मावळण्याआधी चूल विझते. हे त्याला कळल्यापासून त्याला एक करमणूकच मिळाली होती.

"तुमच्यात मुंगी मारत न्हाईत, आन तुमी हिला घिऊन हिंडताय व्हय?"

"तू रस्ता बघ."

"बघतोय की. रस्ता काय, त्योच आपल्याला बघतोय."

ते खरे होते. त्या रस्त्यावर कुणी हात हलवत नसे. गाड्या दिसल्या की दुकानांच्या झडपा खाली येत, अंगणातल्या बायका पाठ फिरवीत, कुत्रीसुद्धा भुंकण्याऐवजी नुसती पाहत राहत. पुढच्या चौक्यांना रेशन आणि डिझेल पोचवणे हे आमचे काम. इन्फंट्री लढते आणि आम्ही तिला जेवू घालतो, हे वाक्य मी नोकरीभर ऐकले. ते म्हणणाऱ्याच्या ओठाची डावी कड नेहमी किंचित वर गेलेली असे.

त्या दुपारी आमची गाडी ताफ्यात सर्वांत शेवटी होती. मागे डिझेलची बॅरल. ऊन नव्हते, ओल्या बांबूचा आणि कुजलेल्या पानांचा वास केबिनमध्ये भरला होता. पुढच्या गाड्या वळणाआड गेल्या आणि उजव्या डोंगरावरून मशीनगन सुरू झाली. पहिल्या फैरीत इंजिन गेले, काच गेली आणि माझा उजवा खांदा गेला. माझी कार्बाइन सीटखाली पडली. शहाजीने एका हाताने आपली छातीशी धरली, दुसऱ्या हाताने मला दरवाजातून ओढले आणि आम्ही गाडीखाली गेलो. हँडसेट माझ्या डाव्या हातात राहिला होता.

"चार्ली टू, चार्ली वन. गाडी बंद. फायर उजव्या डोंगरावरून. तुम्ही थांबू नका, पुढे काढा. क्यूआरटी पाठवा. ओव्हर."

"चार्ली वन, रॉजर. क्यूआरटी निघतेय. होल्ड करा. आउट."

क्यूआरटी म्हणजे मदतीला धावणारी तुकडी. ती येईपर्यंत तग धरायचा होता. मी मागच्या चाकाआड होते. समोर फक्त टायर, त्याच्या खाचांतला लाल चिखल, आणि वरून ठिबकणारे डिझेल. डोंगर मला दिसत नव्हता. तो शहाजीला दिसत होता. तो अ‍ॅक्सलखाली पालथा पडला होता, गाल जमिनीला टेकलेला. खाली मॅगझिन असलेल्या रायफलला जमिनीपासून उंची लागते. कार्बाइनचे मॅगझिन कुशीला, त्यामुळे तिच्यामागचा माणूस सावलीइतका सपाट होऊ शकतो. त्या दिवशी मला तिचा हा एकच गुण दिसला.

"दिसतायत का?"

"व्हय. चौघं. उतराय लागल्यात."

"किती लांब?"

"लांब हायत."

ते गाडी पेटवायला आणि शस्त्रे न्यायला येत होते. वरची मशीनगन त्यांच्या डोक्यावरून आमच्यावर चालू होती. लाकडी फळ्यांच्या चिरफळ्या उडत होत्या. मी पुन्हा विचारले.

"जवळ आले?"

"आपल्या करडाला अजून लांब हायत. आता इचारू नगा, म्याडम. आवाज जातोय."

मी गप्प झाले. तेवढ्यात वरची मशीनगनही गप्प झाली. आता चिखलात रुतणाऱ्या बुटांचा आवाज आला, कुणीतरी हलकेच हसल्याचा आवाज आला. मला शहाजीचा हात दिसत होता. बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ. बूट इतके जवळ आले की एकाच्या तळव्यात अडकलेला गवताचा तुरा मला चाकाच्या कडेने दिसला. मग ते बोट आत गेले.

चार गोळ्या, एकेक करून. दोघे जागीच पडले. पहिला गाडीपासून एका बैलगाडीच्या लांबीवर. उरलेले दोघे झाडीत पळाले. ते वाटेतून बाजूला होताच मशीनगन पुन्हा बोलली, आणि त्या फैरीतली एक गोळी गाडीखाली आली. क्यूआरटी पोचली तेव्हा डोंगर रिकामा झाला होता, बॅरल शाबूत होती, मी शुद्धीवर होते आणि शहाजी नव्हता.

यापुढचे सारे मला हॉस्पिटलमधून सुटल्यावर, पुष्कळ उशिरा कळले.

शहाजीच्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे, आणि तिथे एक रीत आहे. पार्थिव घेऊन आलेल्या एस्कॉर्टला पाणी देण्याआधी गावातले जुने सैनिक दोन प्रश्न विचारतात: हातात हत्यार कोणते होते, आणि राउंड किती उरले. ही रीत इन्फंट्रीवाल्यांनी पाडलेली. ज्याचे मॅगझिन रिकामे, तो लढून गेला. शहाजीबरोबर आलेला हवालदार सरळ माणूस. त्याने खरे ते सांगितले: कार्बाइन होती, मॅगझिन जवळजवळ भरलेले होते, आणि देह गाडीखाली मिळाला. त्याआधी गाडीसमोर दोघे पडले होते हे त्याला ठाऊक नव्हते आणि कुणी विचारलेही नाही. चितेची राख थंड होण्याआधी पारावर निकाल लागला होता. विरकराचा पोरगा घाबरून गाडीखाली पडून राहिला.

एके दिवशी त्याच्या पत्नीचा, सुनंदाचा, फोन आला.

"म्याडम, हितं शाळंम्होरं पुतळ्याचं चाललंय. ह्यांचा बसवू देत न्हाईत. तुमी तिथं व्हता न्हवं? मग येऊन सांगा."

मी सांगलीहून निघाले. ऊस आणि हळदीचा हिरवा पट्टा मागे पडत गेला आणि दहिवडीच्या पलीकडे जमीन उघडी झाली: मुरूम, बोडके डोंगर, पिवळे गवत. गावच्या वेशीवरच शहाजीच्या धाकट्या भावाने, पोपटने, गाडी थांबवली. त्याने फायबरच्या पुतळ्याची ऑर्डर आधीच दिली होती. मोबाइलवर त्याने मला चित्र दाखवले. शहाजीचा चेहरा, रुंद छाती आणि हातात माणसाच्या उंचीची रायफल.

"ही त्याच्याकडे नव्हती," मी म्हणाले.

"ठाव हाय. पर ती बारकी बंदूक दिली तर पिचकारी म्हणत्यात लोक. आन म्याडम, एक इनंती. गाडीखाली व्हता, ह्ये तेवढं सांगू नगा."

"मग काय सांगू?"

"लढला म्हणा. लय लढला म्हणा."

शाळेसमोर दोन पुतळे आधीच उभे होते, दोघेही इन्फंट्रीचे, दोघेही ताठ. लिंबाखालच्या खुर्चीत, फौजेत फायरिंग शिकवलेले निवृत्त सुभेदार मारुती तात्या बसले होते. स्मारकाचे सगळे त्यांच्याच शब्दावर चाले. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा सदरा, पायांत कॅनव्हासचे बूट. त्यांनी मला बसायला सांगितले नाही.

"तुमी इन्फंट्रीच्या न्हवं."

"नाही. ट्रान्सपोर्ट."

"म्हणजे राशनवाल्या."

"हो. तुमच्या पोस्टवर रोटी पोचत होती ना तात्या? ती आम्ही पोचवत होतो."

"रोटीबद्दल आभार. मी गोळीबद्दल इचारतोय. तीस राउंड घिऊन माणूस मरतोच कसा?"

भोवती पन्नासेक माणसे जमली होती. कुणीतरी म्हणाले, "डायवर व्हता, हार्न वाजिवला आसंल." हशा पिकला. सुनंदा शाळेच्या पायरीशी उभी होती. तिने पदर खोचला.

"आवं तात्या, इचारलंय तर त्यांचं ऐकून तरी घ्या. हसणाऱ्यांनी हासून झाल्यावर ऐका."

सांगून काही होणार नाही हे मला तोवर कळले होते. शाळेच्या पटांगणात ट्रॅक्टरची एक ट्रॉली सोडलेली होती आणि समोर मुरमाचा उतार सुरू होत होता. त्याच्या वरच्या टोकाला एक बाभूळ. मी तात्यांना म्हणाले, "तुम्ही त्या बाभळीपासून चालत या. तुम्ही शत्रू. तुमच्या पाठीमागे, वर, तुमची मशीनगन आहे. मी ट्रॉलीखाली, कार्बाइन घेऊन. मी फायर कुठे करायला हवा होता, ते तुम्हीच सांगा."

"खेळ लावलाय व्हय?"

"तुम्ही फायरिंग शिकवलेला माणूस. घाबरता का?"

ते उठले. उतार चढून बाभळीपाशी पोचेपर्यंत मी ट्रॉलीखाली पालथी झाले, एका काटकीसह. खांदा अजून पुरता वळत नव्हता. मुरमाचे खडे कोपरांत रुतत होते, ग्रीसचा वास येत होता.

तात्या उतरू लागले आणि वरूनच ओरडले, "हितनं दिसतोय की मी! मारा की!"

"माझी गोळी पोचत नाही. या."

माणसे हसत होती. तात्या तोऱ्यात चालत होते. उताराच्या मध्यावर पुन्हा थांबले.

"आता? का झोपला तुमचा डायवर?"

"आता मारलं तर एखादा पडेल, तिघं आडवे होतील. माझी जागा तुमच्या मशीनगनला कळेल. आणि ती चालू आहे, तात्या. माझ्या डोक्यावर डिझेल आहे. या पुढे."

ते आले. उतार संपला. आता मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता आणि बुटांखाली मुरूम कुरकुरताना ऐकू येत होता.

"हितं?"

"अजून."

पुढे आले. हशा थांबला होता.

"हितं?"

"अजून. वरची गन अजून मला मारू शकते."

तात्या वळले. त्यांनी डोंगराकडे पाहिले, मग ट्रॉलीकडे पाहिले. जन्मभर ज्याने माऱ्याच्या रेषा आखल्या, त्याला ती रेषा आखून दाखवायची नसते. शत्रू आणखी जवळ आला की तो आपल्याच गनच्या माऱ्यात येतो आणि तिला थांबावे लागते. ती गप्प करायला कार्बाइनजवळ दुसरा उपाय नव्हता. तात्या पुन्हा चालू लागले, पण ती आता पहिली चाल नव्हती. मी कुठे थांबवते याची वाट पाहत ते एकेक पाऊल टाकत होते, आणि मी थांबवत नव्हते. त्यांच्या एका बुटाची नाडी तुटून गाठ मारलेली होती, तीही मला दिसू लागली. त्यांची सावली ट्रॉलीच्या चाकावर आली.

"हितं?" आवाज अगदी खाली गेला होता.

"अजून दोन पावलं."

त्यांनी ती टाकली.

"इथं पहिला पडला," मी म्हणाले.

तात्यांनी मागे वळून बाभळीपासूनची सगळी वाट एकदा नजरेने मोजली. मग ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि ट्रॉलीखाली, माझ्याकडे नव्हे, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले.

"एवढ्या वाटंत मी तीन मॅगझिनं रिकामी केली असती," ते म्हणाले.

त्यांनी माफी मागितली नाही आणि मला ती नकोही होती. ते सरळ झाले आणि पोपटकडे वळले.

"फायबरवाल्याला फोन लाव. ती लांब रायफल काढाय सांग."

"मग हातात काय द्यायचं, तात्या?"

"त्येच्याजवळ व्हतं त्ये. आन हुबा करू नगं. झोपलेला कर, फायरिंगला झोपत्यात तसा."

"झोपलेला पुतळा कुठं आसतोय का वो?"

"हितं आसंल."

मागून कुणीतरी पुटपुटले की गावात येणारा माणूस पुतळ्याला अडखळून पडेल. सगळे गाव एका दुपारीत बदलत नाही. तात्यांनी मात्र त्या माणसाकडे असे पाहिले की तो घराकडे चालता झाला.

मी ट्रॉलीखालून बाहेर आले तेव्हा सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने माझ्या कोपरांवरचे खडे पदराने झटकले. आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो. ती उताराकडे पाहत होती. मग तिने विचारले, "त्या वक्ताला त्यास्नी भ्या वाटत व्हतं का वो?"

अशा प्रश्नाला फौजेचे एक ठरलेले उत्तर आहे. ते मी देऊ शकले असते.

"हो," मी म्हणाले. "त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. लांबून धावत आलेल्या माणसासारखा. हात मात्र हलला नाही."

तिने मान हलवली.

"साहेब आलं, मंत्री आलं, समद्यांनी मला सांगितलं, भ्या कसलं ते त्यास्नी म्हाईतच न्हवतं. मला कळंना, ह्ये कुणाबद्दल बोलत्यात. असल्या माणसाबरं मी कवा नांदलेच न्हाई." तिने डोळे पुसले नाहीत, ती हसत होती. "आवं, इजंला लय भ्यायचं. आभाळ कडाडलं की मेंढरांच्या आधी ह्येच घरात. आन दाताच्या डाक्टरला तर..."

नाईक शहाजी विरकर कशाकशाला भीत असे, ते ती मला ऊन उतरेपर्यंत सांगत राहिली.